शुक्रवार मास्तरांची भिंत

गल्लीत त्यांना सगळे शुक्रवार मास्तर म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या करणीने मिळवलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी बायकांचे आणि मुलींचे कपडे शिवले. कापड सोमवारी टाका की बुधवारी, मास्तर मान वर न करता म्हणणार, "शुक्रवारी या." कुठल्या शुक्रवारी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. शुक्रवारी जावं तर उत्तर तयार असायचं, कापून झालंय, फक्त काज-बटण राहिलंय. एका धीट बाईने एकदा भर दुकानात विचारलं होतं की माझ्या ड्रेसला बटणंच नाहीत, मग राहिलंय काय? सगळे हसले. मास्तरही हसले आणि पुढच्या शुक्रवारी या म्हणाले.

यातलं काज-बटण ही गंमत होती. पण 'कापून झालंय' ही गंमत नव्हती, त्यावर धंदा उभा होता. कापड अखंड आहे तोवर ते गिऱ्हाइकाचं. ते मनात आलं तर घडी उचलेल आणि पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे नेईल. एकदा कात्री लागली की मात्र कोण नेतो? म्हणून गाठोडं फळीवर पडलं, त्याची घडीसुद्धा मोडली नाही, तरी विचारणाऱ्याला ते कापलेलंच असायचं. मास्तर ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांनी सुईत दोरा ओवायच्याही आधी त्यांना हे शिकवलं होतं. खोटं बोलतोय असं मास्तरांना कधी वाटायचंच नाही. आज ना उद्या कापणारच आहोत, मग दोन दिवस आधी सांगितलं तर कुणाचं काय बिघडलं, असा त्यांचा हिशेब.

सत्तरी उलटल्यावर उजव्या हाताला कंप सुटला. दोरा सुईच्या नेढ्याभोवती घिरट्या घाली आणि आत शिरायचं नाव घेईना. दुकान बंद झालं. यंत्र विकलं, फळ्या कुणीतरी नेल्या, आणि उरलं सुरलं कापड एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून घरी आलं. शिंपी स्वतःच्या आईच्या कापडातूनही वीतभर काढून ठेवतो असं लोक म्हणतात. मास्तरांची ट्रंक पाहिली असती तर लोकांनी पुरावाच मिळाला म्हणून टाळ्या पिटल्या असत्या. फुलांचं, पट्ट्यांचं, ठिपक्यांचं, रेशमी, सुती, मखमली, हातभर, वीतभर. शिवाय लोक टाकून गेले आणि न्यायला आलेच नाहीत, अशा काही अख्ख्या घड्या.

घरात माणसं दोनच. मुलगा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे मास्तर आणि सून. सून टपाल कचेरीत सकाळपासून तीनपर्यंत कामाला. शिंप्याच्या घरात आलेली ही सून बटण तुटलं की शर्ट बदलणारी होती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. सासऱ्यावर तिचा जीव होता. दुकान गेल्यापासून मास्तर दिवसभर खुर्चीत बसून आपल्या हाताकडे बघतात, हे तिला बघवत नव्हतं. एका रविवारी तिने ट्रंक ओढून खोलीच्या मधोमध आणली आणि म्हणाली, "बाबा, हे एकतर फेकू, नाहीतर भिंतीवर लावू. ट्रंकेत ठेवून कुणाला दाखवताय?"

मास्तर म्हणाले, शिवणार कोण? मला जमत नाही आणि तुला येत नाही. सून म्हणाली, शिवायचंच नाही. एक टाकासुद्धा घालायचा नाही.

तिने आपला शब्द पाळला. भरतकामाच्या लाकडी रिंगा आणल्या, लहान-मोठ्या नऊ. त्यांत ठिपक्यांचे तुकडे ताणून बसवले, मागचं जादा कापड कातरलं आणि रिंगा दाराशेजारी खिळ्यांवर टांगल्या. जुन्या फोटोंच्या चौकटींमधून काच काढून पुठ्ठ्यावर रेशमी तुकडे बसवले. लाकडी पाट्यांवर फुलांचं जाड कापड ताणून मागून पिना ठोकल्या, तेव्हा मास्तर खुर्चीतून उठलेच. कोपऱ्यापासून सुरुवात करू नकोस, म्हणाले. आधी एका बाजूच्या मधोमध पिन मार, मग समोरच्या बाजूच्या मधोमध, मग उरलेल्या दोन बाजू, आणि कोपरे सगळ्यात शेवटी. नाहीतर नक्षी तिरकी जाईल आणि जन्मभर डोळ्यांत खुपेल. सुनेने उपसून पुन्हा ठोकलं. नक्षी सरळ आली. कपाटाच्या जुनाट दारावर पातळ सुती कापड खळ लावून चिकटवलं, खालून एक हात खळ, वरून एक हात. कंटाळा आला की ओल्या फडक्याने सोडवता येतं. त्या रविवारी मास्तर दोन घास जास्त जेवले.

शेजारपाजारच्या बायका बघायला येऊ लागल्या. जिला तिला आपलं काहीतरी सापडायचं. हे माझ्या थोरलीच्या वाढदिवसाचं, हे माझ्या कोटाचं अस्तर. मास्तर, म्हणजे तुम्ही हातभर काढलंच होतंत की, असं म्हणून त्या हसायच्या, आणि मास्तर चोर पकडला गेल्यासारखे खूश व्हायचे.

पण ट्रंकेच्या तळाशी एक घडी होती. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, टाचणीने चिठ्ठी लावलेली. ती तिथे मास्तरांनी स्वतःच्या हाताने ठेवली होती. सुनेचा हात तिथवर पोचला तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले.

"बाबा, हे तर अख्खं आहे," सून म्हणाली. चार मीटर, गडद निळं, त्यावर पांढरी पाखरं. इतक्या वर्षांनीही रंग उडाला नव्हता.

मास्तर म्हणाले, राहू दे ते, कसर लागलीय. सुनेने कापड उजेडात धरलं. एक भोक नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं ती मनात म्हणालीच असेल. दोन दिवसांनी मास्तर केस कापून घरी आले तर समोरच्या मोठ्या भिंतीवर, त्यांच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर, ते कापड टांगलेलं. वर एक लाकडी दांडी, दांडीवरून दुमडून दोन्ही बाजूंनी सोडलेलं, सरकू नये म्हणून दोन टोकांना दोन चिमटे. माणसाच्या डोक्याच्याही वरून पार जमिनीपर्यंत. सून कौतुकाची वाट बघत उभी होती. मास्तरांनी छान झालंय म्हटलं आणि भिंतीकडे पाठ करून बसले.

पाठ तरी किती वेळ करणार? सून कामावर गेली की घरात ते आणि ते कापड. लोकांना भुतं रात्री दिसतात. मास्तरांना जे काही दिसायचं ते भर दुपारी, बाराच्या लख्ख उजेडात, पंखा चालू असताना. कापड हलायचं. वाऱ्याने हलतंय हे त्यांना कळत होतं. कापडाला वारा लागला की ते कसं हलतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तरीही त्यांनी पंखा बंद केला, आणि घामाने निथळत बसून राहिले. बंद पंख्याखाली कापड हललं नाही, पण ते जास्तच वाईट होतं. दुकानात गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं राहतं, काही बोलत नाही, नुसतं वाट बघतं, तसं ते उभं होतं.

आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. डावा चिमटा उजव्यापेक्षा किंचित खाली होता. त्यांनी टेप आणला, खुर्चीवर चढले, मोजलं. अर्धा इंच. संध्याकाळी सुनेला सांगून त्यांनी ते सरळ करून घेतलं. दुसऱ्या दुपारी मोजलं तर पुन्हा अर्धा इंच. चिमटा सैल असेल, दांडीचा खिळा भिंतीत झुकला असेल. असंच काहीतरी असणार. पण ज्या बाईने हे कापड टाकलं होतं तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता होता, आणि हे या जगात मास्तरांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. माप घेतल्यावर त्यांनीच चिठ्ठीवर लिहिलं होतं.

एकतीस वर्षांपूर्वीची ती बाई. सोमवारी तिने चार मीटर कापड टाकलं. स्वतःसाठी एक लांब ड्रेस, आणि उरलेल्यातून मुलीला फ्रॉक. मुलगी बरोबर होती, सात-आठ वर्षांची, माप देताना गुदगुल्या झाल्यासारखी वळवळणारी. बुधवारी सकाळी बाई एकटीच परत आली. म्हणाली, आई आजारी आहे, आज संध्याकाळच्याच गाडीने मुलीला घेऊन माहेरी निघतेय, कापड परत द्या, तिथल्या शिंप्याकडून शिवून घेईन. मास्तरांची मान यंत्रावर वाकलेली. तोंडातून सवयीने निघून गेलं, "कापून झालंय." ती म्हणाली, नक्की? कापलं नसेल तर बरं होईल हो. मास्तर म्हणाले, कापलंय म्हणतो ना, शुक्रवारी या. तिची घडी तिच्या डोक्यावरच्याच फळीवर होती. ती जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, बरं, शनिवारी निघेन.

गुरुवारी अकराच्या सुमाराला दुकानासमोरच्या चौकात रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकखाली ती सापडली. मास्तरांनी आरडाओरडा ऐकला, पण एक शिवण अर्धी होती म्हणून त्यांनी यंत्रावरचा पाय थांबवला नाही. कोण गेलं ते त्यांना दुपारी कळलं.

कापड न्यायला कुणी आलं नाही. मास्तरांनी नेऊन द्यायला हवं होतं. पण अखंड कापड कुठल्या तोंडाने देणार? बाईने घरी सांगितलंच असेल की ते कापलंय. मग त्यांनी ठरवलं, आता कापू, शिवू आणि नेऊन देऊ. कात्री हातात घेतली, कापड टेबलावर पसरलं, आणि कात्री तशीच खाली ठेवली. त्या दिवसानंतर ते कापड वर्तमानपत्रात गेलं. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. आता कुणी ते ओळखलं तर सुनेला कळणार, आणि या घरात त्यांना बाबा म्हणून हाक मारणारं रोजचं माणूस ती एकच होती.

हाताबरोबर डोळेही मंदावले होते. सुनेने चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेतला. तिथल्या बाईशी तिची गट्टी जमली. आमची भिंत बघायला या, एक टाका न घालता केलंय सगळं, असं आमंत्रण देऊन आली. चष्मेवाली म्हणाली, चष्मा तयार झाला की मीच घेऊन येते, कानाशी नीट बसवूनही देते. कधी, तर शुक्रवारी. सून घरी येऊन हसत म्हणाली, बाबा, आज तुम्हालाही शुक्रवारच मिळाला. मास्तर हसले नाहीत. ते कापड उतरव, असं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाने सांगितलं. सुनेला कारण हवं होतं. कारण त्यांना देता येईना. एवढं नावाजलेलं कापड विनाकारण उतरवायचं कशाला, असं म्हणून तिने विषय संपवला.

शुक्रवारी चार वाजता चष्मेवाली आली. चाळिशीला टेकलेली, नीटनेटकी, मोजकं बोलणारी बाई. मास्तरांसमोर वाकून तिने चष्मा चढवला, कानामागची काडी दाबली, काढला, परत चढवला. सगळं एकदम लख्ख झालं, आणि मास्तरांना सगळ्यात आधी दिसला तो तिचा खांदा. माणूस चेहऱ्याने ओळखायची सवय इतरांना. मास्तरांनी जन्मभर माणसं खांद्यांनी ओळखली होती. ती सरळ झाली तेव्हा तिचा डावा खांदा उजव्याहून अर्धा इंच खाली होता.

मग ती वळली. सून उत्साहाने सांगत होती की बघा, नुसती एक दांडी आणि दोन चिमटे, कुणीतरी टाकलं आणि विसरून गेलं.

"विसरलं नाही कुणी," चष्मेवाली म्हणाली. "हे माझ्या आईचं कापड आहे."

तिने सगळं अगदी सपाट आवाजात सांगितलं, मनातल्या मनात हजारदा सांगून झालेलं सांगावं तसं. बुधवारी आजीकडे जायचं होतं. तिने दारात बसून पाय आपटले, मास्तर फ्रॉक देईपर्यंत मी येणार नाही म्हणून. आई बाहेर जाऊन आली आणि म्हणाली, झालं तुझ्या मनासारखं, शनिवारी निघू. गुरुवारी आई गेली. "मी हट्ट केला नसता तर बुधवारी रात्री आम्ही आजीकडे असतो," ती म्हणाली. "एवढंच आहे. त्याला आता इलाज नाही." बोलता बोलता ती कापडाजवळ गेली. पुढचा पदर उचलला, मागचा पाहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काठावरून बोटं फिरवली. "पण हे कापलेलंच नाही. आई म्हणाली होती, कापून झालंय."

मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. हा त्याच ताग्यातला दुसरा तुकडा. चाळीस वर्षांत असल्या उत्तराला त्यांना कधी क्षणभर थांबावं लागलं नव्हतं. सून विश्वासाने त्यांच्याकडे बघत होती. एक वाक्य, आणि सगळ्यावर पांघरूण पडलं असतं. बाबा बाबाच राहिले असते. आणि ही बाई आपला हट्ट उरावर घेऊन जिना उतरून गेली असती.

"हा त्याच ताग्यातला..." एवढं ते बोललेसुद्धा. मग थांबले. भिंतीवर पांढरी पाखरं नव्या चष्म्यातून एकेक वेगळी दिसत होती.

"नाही," मास्तर म्हणाले. "तुझी आई बुधवारी कापड परत न्यायला आली होती. संध्याकाळी निघायचंय म्हणाली. मी कापलंय म्हणून सांगितलं. घडीसुद्धा मोडली नव्हती, तिच्या डोक्यावरच्याच फळीवर होती. तुझ्या हट्टाने नाही थांबली ती, पोरी. माझ्या थापेने थांबली."

सुनेने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"तिने परत मागितलं होतं?" चष्मेवालीने विचारलं.

"दोनदा."

ती खाली बसली, खुर्ची होती तरी जमिनीवर. रडली नाही. एकतीस वर्षं एका आठ वर्षांच्या मुलीला ती शिक्षा देत आली होती, आणि आता त्या मुलीचं काय करायचं हे तिला कळत नसावं. मास्तरांना वाटलं, ओरडेल, शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने विचारलं, घरात कात्री आहे का. सुनेने मास्तरांची मोठी कात्री आणून दिली. चष्मेवालीने ती मास्तरांपुढे धरली.

"तिला सांगितलंत ना, कापलंय म्हणून. मग कापा."

सून पुढे झाली, म्हणाली, त्यांचा हात थरथरतो, मी कापते. चष्मेवालीने मान हलवली. कापड टेबलावर आलं. मास्तरांनी चिठ्ठी बघितली नाही. फ्रॉकला सव्वा मीटर, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी खडूने रेघ मारली, ती वाकडी आली. कात्री लागली तेव्हा तो ओळखीचा आवाज झाला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात इतका हलत होता की कापलेली कड नागमोडी झाली. अशी कड एखाद्या शिकाऊ माणसाने कापली असती तर मास्तरांनी त्याला दुकानातून हाकललं असतं.

चष्मेवालीने सव्वा मीटरचा तुकडा घडी करून पिशवीत ठेवला. सून उरलेल्याची घडी घालू लागली, तेव्हा ती म्हणाली, "ते नको. ते आईचं आहे. तिला शुक्रवारी यायला सांगितलं होतं ना यांनी. इथेच असू दे." मग जाता जाता थांबली, मास्तरांच्या कानामागची काडी पुन्हा एकदा तपासली आणि विचारलं, आता नीट दिसतंय ना? मास्तरांनी हो म्हटलं.

त्यानंतर दोन दिवस सून कामापुरतं बोलली आणि त्यात बाबा हा शब्द नव्हता. उरलेलं कापड खुर्चीच्या हातावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी तिने काही न विचारता ते दांडीवर दुमडून टाकलं, दोन चिमटे लावले. आता ते जमिनीला टेकत नव्हतं. लांब ड्रेस जेवढा असतो, खांद्यापासून घोट्यापर्यंत, बरोबर तेवढंच ते लोंबत होतं. सून दोन पावलं मागे आली आणि मान तिरकी करून बघू लागली.

"बाबा, डावीकडे जरा उतरतंय. सरळ करू?"

"नको," मास्तर म्हणाले. "तिचा खांदाच तसा आहे."